सलाम, राम राम आणि हॅलो

उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला दिवसभरात बऱ्याच भाषा लागतात. वर्गात मराठी, स्टाफरूममध्ये उर्दू, घरी दखनी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मोडकीतोडकी कानडी, आणि समोरच्या पद्मशाली वहिनींशी त्यांची मराठी अधिक माझी चार वाक्यं तेलुगू. सोलापुरात यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण या सगळ्या भाषांच्या मधोमध, न बोलावता, एक भाषा येऊन बसलेली असते. ती इंग्रजी. तिच्याबद्दल माझ्या कानावर दोन तक्रारी नेहमी येतात. एक, "इंग्रजी शब्दांनी आपली भाषा पार बिघडवली." दुसरी, "मला बाई इंग्रजी अजिबात येत नाही." गंमत अशी की पुष्कळदा दोन्ही तक्रारी एकाच तोंडून येतात, आणि त्याही "टेन्शन", "प्रॉब्लेम" हे शब्द वापरून.

पहिल्या तक्रारीपेक्षा मला दुसरीची जास्त काळजी वाटते. कारण ती करणाऱ्या बायका मला रोज दिसतात. मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांनी आता मुलं इंग्रजी माध्यमात घातली आहेत. फी भरायला पोटाला चिमटा काढतात. पण पालकसभेचा दिवस आला की आई जात नाही. अब्बा कामावर, म्हणून मग मोठी बहीण जाते, नाहीतर शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी. आईला विचारलं तर म्हणते, "मेरेकू इंग्लिश नै आती टीचर. मॅडम कुछ पूछे तो क्या बोलूं?" मुलाला काय येतं, काय येत नाही, कोण त्रास देतं, डबा का परत येतो, हे सगळं माहीत असलेली एकच व्यक्ती त्या घरात असते, आणि ती शाळेच्या फाटकाबाहेर थांबते.

अशा आठ-दहा जणींना घेऊन मी गेल्या वर्षी रविवारी दुपारी बसायला लागले. क्लास वगैरे म्हणायचं तर फळा नाही, फी नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना एवढंच सांगितलं, की सकाळी उठल्यापासून आत्तापर्यंत घरात काय काय बोललात ते आठवा, त्यातला इंग्रजी शब्द सापडला की मोठ्याने सांगा. सुरुवातीला सगळ्या गप्प. मग एकजण म्हणाली, "गॅस." दुसरी म्हणाली, "सिलिंडर." आणि मग थांबेचना. कुकर, लाइट, मोटर, टँकर, बकेट, मोबाइल, चार्जर, रिचार्ज, टिफिन, सॉक्स, युनिफॉर्म, रेशन, फॉर्म, झेरॉक्स, डॉक्टर, बीपी, शुगर, रिपोर्ट. शिवणकाम करणारीने बॉबिन, हुक, चेन, फॉल-पिको अशी वेगळीच रांग लावली. अर्ध्या तासात माझ्या वहीची दोन पानं भरली. ज्यांना इंग्लिश नै आती त्यांची.

मी भाषेची शिक्षिका असल्याने मला शब्दांपेक्षा त्यांचं पुढे काय होतं यात जास्त रस आहे. इंग्रजी शब्द आपल्याकडे आला की आपण त्याला आधी आपल्या व्याकरणाचे कपडे घालतो. टेबल आलं आणि आपण टेबलावर, टेबलाखाली म्हणू लागलो. कोर्ट आलं, कोर्टात खेटे सुरू झाले. फायली, नोटा, मोटारी, बाटल्या ही अनेकवचनं कुठल्याही इंग्रजाला ओळखू येणार नाहीत. उर्दूनेही तेच केलं, फक्त तिच्या पद्धतीने: टिकटें, फाइलें, बोतलें. लिंग ठरवतानाही दोन्ही बहिणी आपापलं बघतात. मराठीत "ते तिकीट" आणि "माझं पेन", कारण मराठीला नपुंसकलिंग आहे. उर्दूला ते नाही, म्हणून "मेरा टिकट", "मेरा पेन". माझी मुलं मराठीच्या तासाला "माझा तिकीट हरवला" म्हणतात तेव्हा मी दुरुस्त करते, पण आतून मला त्यात चूक दिसत नाही, त्यांची आई दिसते.

उच्चाराचंही असंच. आमच्याकडे जुन्या बायका इस्कूल, इस्टेशन, इस्कूटर म्हणतात. उर्दू बोलणाऱ्याच्या जिभेला शब्दाच्या सुरुवातीला "स्क", "स्ट" जड जातात, ती पुढे एक "इ" ठेवून पायरी करते. खेड्यातल्या मराठी म्हाताऱ्याने त्याचंच "ठेसन" केलं. नातवंडं हसतात. हसू देऊ नये असं माझं मत आहे. ज्या इस्टेशनावरून आजीने आयुष्यभर गाड्या पकडल्या तिथे ती बरोबर पोहोचलेली आहे.

आणि काही शब्द तर आता इंग्लंडलाही परत ओळखता येणार नाहीत. गाडीचं जादा चाक म्हणजे "स्टेपनी", हे प्रत्येक रिक्षावाल्याला माहीत असतं. वेल्समधल्या लानेथली गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर असं जादा चाक बनवणारी कंपनी होती, तिचं नाव आपल्याकडे राहिलं. छोट्या मालगाडीला आपण "टेम्पो" म्हणतो तेही एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. पोर्तुगीजांचे पगार, चावी, पाव, इस्त्री, हापूस यांच्याबद्दल तर आता कुणाला शंकाही येत नाही.

"भाषा बिघडली" म्हणणाऱ्यांना मी आदराने एक आठवण करून देते. मराठीला परके शब्द काढून टाकायचा अनुभव नवा नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. माधव जूलियन तर स्वतः फारसीचे प्राध्यापक, 1925 मध्ये त्यांनी फार्शी-मराठी कोश केला, आणि पुढे तेही भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. या प्रयत्नांतून महापौर, दिनांक असे चांगले शब्द मिळाले, ते नाकारू नये. पण माझे विद्यार्थी वहीत "दिनांक" लिहितात आणि मला विचारतात, "टीचर, आज तारीख कितवी?" खुर्ची, कागद, दुकान, अर्ज, वकील, जमीन, हे शब्द काढायला गेलात तर मराठी माणसाला उभ्यानेच, कागदाशिवाय आणि वकिलाशिवाय राहावं लागेल.

आमच्या उर्दूतही पंडित कमी नव्हते. लाऊडस्पीकरला त्यांनी शब्द दिला, आला-ए-मुकब्बिरुस्सौत. अर्थ अगदी बिनचूक, आवाज मोठा करणारं यंत्र. पण शब्द पूर्ण होईपर्यंत जलसा संपायचा. मशिदीत, उरुसात, कव्वालीच्या मंचावर लाऊडस्पीकर आणि माइकच राहिले. आणि तो माइक तपासणारा पोरगा जलशात असो की गणपतीच्या मांडवात, म्हणतो एकच: "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू, थ्री."

रविवारच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो तीन छोट्या शब्दांवर. प्लीज, थँक्यू, सॉरी. या बायकांना ते पाठ होते, पण कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. एकीने मला सरळ विचारलं, "आपल्यात असं काही नाही का? मग त्यांनाच का लागतं?" प्रश्न चांगला होता. आपल्या भाषेत विनंती क्रियापदातच असते. "दे", "द्या", "देता का", "द्याल का" यांत माणसाचा मान कमी-जास्त होतो. उर्दूत "दो" आणि "दीजिए" मध्ये जमीन-अस्मानाचा फरक. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. तिथे राजालाही "गिव्ह" आणि नोकरालाही "गिव्ह". म्हणून त्यांनी "प्लीज" बाजूला ठेवलाय. "गिव्ह मी फॉर्म" म्हटलं की समोरच्या मॅडमला ते "फॉर्म दे" असं ऐकू जातं. प्लीज लावलं की त्याचं "द्या ना जरा" होतं. हे सांगितल्यावर सगळ्यांना एकदम पटलं. मात्र घरी परत जाऊन सासूबाईंना "प्लीज पानी देव" म्हणू नका, असंही मी बजावलं. आपल्या वाक्यात मान आधीच असतो, वर प्लीज घातलं तर टोमणा वाटतो.

"थँक्यू"ची गोष्ट वेगळी. ते आपल्याला खरंच हवं होतं असं मला वाटतं. मराठीत "आभारी आहे" आणि "धन्यवाद" म्हटलं की माणूस सत्काराच्या खुर्चीवर बसल्यासारखा अवघडतो. "शुक्रिया" मुशायऱ्यात शोभतं. "जज़ाकल्लाह" आपसात. बसमध्ये कुणी सरकून जागा दिली, रिक्षावाल्याने पाच रुपये सोडले, तिथे हलका, न अवघडणारा शब्द लागतो, तो थँक्यूने पुरवला. आता कंडक्टरही म्हणतो आणि भाजीवालीही. पण आपल्या जुन्या माणसांकडे आभार मानायची जी रीत होती ती यात येत नाही. माझी फुफू कुणी काही आणून दिलं की म्हणायची, "अल्ला भला करो तेरा." शेजारच्या काकू म्हणायच्या, "बरं झालं बाई आलीस." त्यात देणारा माणूस दिसायचा. थँक्यूला तेवढा वेळ नसतो.

सॉरीला मी धक्क्यापुरतं ठेवते. गर्दीत पाय पडला, सॉरी. फोन चुकून लागला, सॉरी. "माफ करा" तिथे वापरायला गेलं तर आणखी एक अडचण आहे: "माफ करो बाबा" आपण दारात आलेल्या फकिराला परत पाठवताना म्हणतो, त्यामुळे त्या शब्दाला एक नकाराचा वासही आहे. पण कुणाच्या घरी मयत झाली आणि तिथे जाऊन "सॉरी हं" म्हणणारी तरुण मंडळी बघितली की मला कसंतरी होतं. व्हॉट्सॲपवर तर "आरआयपी" अशी तीन अक्षरं टाकून मोकळे. आपल्याकडे दोन्ही घरांत दुःखाची भाषा आहे. आपण "इन्ना लिल्लाहि" म्हणतो, बाजूच्या घरात लोक काहीही न बोलता येऊन शेजारी बसतात. तिथे इंग्रजीला बोलवायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट, नमस्काराची. म्हणजे सलामाची. बघा, इथेच अडायला झालं.

आपल्या समाजात भेटल्यावर तोंडातून निघणारा पहिला शब्द माणसाचं घर सांगतो. सलाम, राम राम, नमस्कार, जय भीम, जय जिनेंद्र. ऐकणाऱ्याला लगेच कळतं समोर कोण आहे. पूर्वी याने काही बिघडत नव्हतं. माझे अब्बा बाजारात गेले की खेड्यातून आलेल्या शेतकऱ्यांना "राम राम पाटील" म्हणायचे आणि ते लोक "सलाम चाचा" म्हणायचे. प्रत्येकजण दुसऱ्याचा शब्द उचलायचा. उर्दूने तर मिश्र बैठकीसाठी "आदाब" असा शब्दच ठेवला होता. त्यात कुठला धर्म नाही, फक्त अदब. आता आदाब जुन्या सिनेमात राहिलाय.

सलामाचं आणखी एक दुखणं आहे. आमच्यासाठी सलाम म्हणजे तुमच्यावर शांती असो, लहानाने मोठ्याला आणि मोठ्याने लहानालाही द्यावी अशी दुवा. मराठीत मात्र "सलाम ठोकणे" म्हणजे सत्तेपुढे वाकणे. पाडगावकरांच्या "सलाम" या गाजलेल्या कवितेतही तोच अर्थ आहे, त्या नावाच्या संग्रहाला 1980 मध्ये साहित्य अकादमी मिळाली. कवितेबद्दल माझी तक्रार नाही, कविता मोठी आहे. पण माझ्या मुलांना मराठीच्या तासाला मला दोन सलाम वेगवेगळे समजवावे लागतात.

या सगळ्यात हॅलो येऊन उभा राहिला. टेलिफोनचा शोध लावणारे बेल यांना म्हणे "अहॉय" हवं होतं, एडिसनने "हॅलो" सुचवलं आणि तेच टिकलं. 1882 मध्ये मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. तारेच्या पलीकडे कोण आहे ते दिसत नाही, मग म्हणायचं काय, राम राम की सलाम? हॅलोने तो प्रश्नच मिटवला. हॅलोला जात नाही, धर्म नाही, लहान-मोठा नाही. समोरच्या वहिनी, कानडी किराणावाले आणि मी, आमचा चौथ्या भाषेतला हा एक शब्द सगळ्यांचा सारखा परका आहे, म्हणून सगळ्यांचा सारखा आपला.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला, की सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर हॅलोऐवजी "वंदे मातरम्" म्हणावं. हॅलो हे पाश्चात्यांचं अनुकरण आहे, त्याला अर्थ नाही, असं कारण दिलं होतं. तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला, मी त्यात जात नाही. मला एवढंच वाटलं की हॅलोला अर्थ नाही हेच तर त्याचं काम आहे. अर्थ असलेला कुठलाही शब्द घेतला की कुणीतरी आत आणि कुणीतरी बाहेर होतं. त्यानंतर मी कामानिमित्त अनेक कार्यालयांत फोन केले. पलीकडून बहुतेक वेळा हॅलोच आलं, आणि लगेच "बोला".

इथपर्यंत हॅलोची बाजू घेणं मला सोपं आहे. पुढचं सोपं नाही. माझी भाची पुण्यात नोकरी करते. हुतात्मा एक्स्प्रेसने ये-जा असते. सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावाची ही गाडी, 1931 मध्ये फाशी गेलेल्या त्या चौघांत कुर्बान हुसेनही होते. तर गेल्या सुट्टीत आम्ही एकत्र जात होतो. तिला घरून फोन आला. घरात ती आईला "अस्सलामु अलैकुम अम्मी" म्हणते. गाडीत तिने हळू आवाजात म्हटलं, "हॅलो, हां मम्मी." मी काही विचारलं नाही. तिनेच नंतर सांगितलं, "खाला, डब्यात असंच बोलतो आम्ही सगळ्या. उगीच चार माना वळतात." तिला कुणी काही बोललेलं नव्हतं. शेजारी बसलेल्या काकूंनी तर आम्हाला चटणी-भाकरी दिली. तरी ती सवय तिला लागलेली आहे.

तेच दोन शब्द, हॅलो आणि मम्मी. समोरच्या वहिनींशी बोलताना ते तोंडातून आपसूक येतात, आणि डब्यात ते विचार करून निवडावे लागतात. पहिल्याला मी सहज म्हणेन, दुसऱ्याला नाही म्हणवत. शब्द दोन्हीकडे तोच असल्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. भाचीला मी "सलाम म्हणत जा, घाबरतेस काय" असा उपदेश केला नाही. ती रोज एकटी प्रवास करते, मी नाही. मात्र माझा फोन आला तेव्हा मी नेहमीच्या आवाजात "वालेकुम अस्सलाम" म्हटलं. काकूंनी विचारलं, "तुमच्यात सलामाला उत्तर वेगळं असतं ना?" मी सांगितलं, शब्द उलटा करून परत देतात. त्यांना ते आवडलं. उतरेपर्यंत त्यांनी दोनदा म्हणून बघितलं.

एका इंग्रजी शब्दाशी मात्र माझं जमत नाही, तो म्हणजे आंटी. गल्लीतली मुलं मला पूर्वी चाची म्हणायची, काही खाला, पद्मशाली वहिनींची पोरं काकू. कोण कुठल्या घरातलं आणि नातं कुठून लावलंय हे त्यातून कळायचं. आता सगळ्यांची मी आंटी आणि नवरा अंकल. मामू, चाचा, फुफा, खालू हे चारही अंकलमध्ये बुडाले. बाय म्हणा, माझी हरकत नाही, जरी मराठीतलं "येते हं" आणि दखनीतलं "जाको आती" मला जास्त गोड वाटतं, कारण दोन्हीत परत येण्याचं वचन आहे. पण नात्याचं नाव फुकट देऊन टाकू नका. मी तर आंटी म्हणणाऱ्या पोरांना ओ देत नाही. तीन वेळा हाक मारून झाली की चौथ्यांदा आपोआप चाची म्हणतात.

रविवारच्या बायकांकडे परत येते. शेवटचा पाठ फोनचा होता. मुलगा आजारी आहे, आज येणार नाही, एवढंच शाळेत कळवायचं. एकीचा मुलगा खरंच तापाने फणफणला होता, म्हणून तिलाच बसवलं. वाद सुरू झाला. एक म्हणाली, सलाम से शुरू कर. दुसरी म्हणाली, मॅडम मराठी हैं, नमस्ते बोल. तिसरी म्हणाली, गुड आफ्टरनून. शेवटी ठरलं, हॅलो मॅडम म्हणायचं, मग सॉरी, मग "माय सन हॅज फीवर, ही विल बी ॲबसेंट टुमॉरो, प्लीज". तिने चार वेळा घोकलं, ओढणी नीट केली, आणि मॅडमचा नंबर लावला. आम्ही सगळ्या श्वास धरून. तिने एका दमात सगळं म्हणून टाकलं, हॅलोपासून प्लीजपर्यंत.

पलीकडून आवाज आला, "अगं बाई! किती ताप आहे? औषध दिलंत का? अहो काळजी करू नका, वह्या मी कुणाकडून तरी पाठवते."

तिने फोनवर हात ठेवला आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. "टीचर, ये तो मराठी में बोल रै!"

पुढची दहा मिनिटं ती मॅडमशी मराठीत बोलत होती. ताप, खोकला, डबा, गणिताची वही, सगळं. आम्हाला कुणालाच मध्ये बोलू दिलं नाही. ठेवताना म्हणाली, "थँक्यू मॅडम. येते हं पालकसभेला."